फट कोणती बुजवायची?

मैत्रिणींनो, गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. पौषातली थंडी होती. बचत गटाची मीटिंग आटोपून मी घराकडे निघाले होते, तर मागून एक बाई पळत आली.

"ताई, जरा आमच्या घरी चाला बरं. पोरगी कशीतरीच करून रायली."

ही पोरगी म्हणजे तिची लेक. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, पंधरा दिवसांची बाळंतीण. मी गेले. दार ढकललं, पण ते पटकन उघडेचना. खालच्या फटीत जुन्या लुगड्याचा बोळा घट्ट कोंबला होता. आत पाय टाकला आणि डोळ्यांत पाणी आलं. खिडकीवर खिळ्यांनी पोतं ठोकलेलं. टिनाच्या छपराला भिंत जिथे टेकते तिथल्या फटींत चिंध्या. अर्ध्या भिंतीपलीकडे चूल पेटलेली आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वरून ओवा आणि शेपा टाकलेल्या. वासाने कसं प्रसन्न वाटावं! पण पोरीचं डोकं दुपारपासून ठणकत होतं, दोनदा उलटी झाली होती, आणि आता ती डोळे मिटून पडली होती. बाळ दूध ओढत नव्हतं.

"बाळंतवारा असन," आजी म्हणाली. आजी म्हणजे पोरीच्या आईची सासू, पंचाहत्तरीची तरी असावी.

मला कुठून बळ आलं कोण जाणे, मी ते पोतं ओढून फाडलं. आजी ओरडली, "अवं बाई, वारं लागते लेकराले! काहून काढून रायली?" मी काही ऐकलं नाही. पोरीला आणि बाळाला घोंगडीत गुंडाळून अंगणात आणलं, ऑटो बोलावला, दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?" ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं मायलेकरं घरी आली. बाळ आता सुपारीएवढं तोंड करून हसतं, म्हणून मी हे लिहायला बसले आहे. नाहीतर बसवलं नसतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि झोपेत नसताना माणसाला काय काय दिसतं! मला ती खोली पुन्हा दिसली. त्या घरातली एकही फट उघडी नव्हती. दार, खिडकी, छप्पर, सगळं चोख बुजवलेलं. आणि चूल? चुलीच्या पाठीला बोटभर रुंद भेग होती, मी डोळ्यांनी पाहिली. धुराचा पाइप चुलीला जिथे जोडला होता, तिथे तर दोन बोटं आत जातील एवढी पोकळी. म्हणजे जी फट उघडी हवी ती बुजवलेली आणि जी बुजवायची ती उघडी!

खरं सांगू? हे एका घराचं नाही. त्यानंतर मी आमच्या गटातल्या बायकांकडे मुद्दाम चुली बघत फिरले. गॅस जवळजवळ सगळ्यांकडे आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली तेव्हापासून आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या गल्ल्यांमध्येही लाल सिलिंडर घरोघर दिसतं. पण पाहुण्यांचा चहा गॅसवर आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. भाजी गॅसवर आणि ज्वारीच्या भाकरी चुलीवर. सिलिंडर संपला की मग सगळंच चुलीवर. कापूस वेचून झाला की शेतातली पऱ्हाटी घरी येते, तूर झोडपली की तुराट्या येतात. त्याला पैसा लागत नाही. खंडेश्वराच्या देवळापाशी सांजवेळी उभं राहिलं की आजही गावावर धुराचा पट्टा दिसतो. तेव्हा 'आता कोण चूल पेटवतं?' असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ या काळात, देशातली जेमतेम ५९ टक्के घरं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती. बाकीच्या घरांत आपल्याच बहिणी फुंकणी घेऊन बसलेल्या होत्या ना?

त्या आजीच्या घरातली चूल साधी नव्हती. ती निर्धूर चूल होती. दोन तोंडांची, मागे पाइप छपराबाहेर गेलेला. निर्धूर चूल आणि घरात धूर! आजीच म्हणाली, "नाव निर्धूर हाय व बाई, नावाले काय लागते."

मला माझं माहेर आठवलं. माझं माहेर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. मी सातवी-आठवीत असेन, कुणीतरी आलं आणि आमच्या स्वयंपाकघरात निर्धूर चूल बसवून गेलं. आईला केवढा आनंद! सहा महिने भिंत काळी झाली नाही. मग एक दिवस चुलीला केसासारखी भेग गेली. आईने शेतातली काळी माती आणून लिंपली. आमची काळी माती तुम्हाला माहीत आहे, उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात तिला. ओली असली की फुगते, वाळली की आकसते. कपाशीला ती सोन्यासारखी, पण चुलीला वैरीण. आई लिंपायची, ती तडकायची. आई पुन्हा लिंपायची, ती पुन्हा तडकायची, आणि दर वेळी थोडी जास्त. दुसऱ्या पावसाळ्यात पाइपाच्या कडेने छपराचं पाणी आत उतरलं आणि चुलीची पाठ बसली. बाबांनी पाइप उपटला, भोकावर टिन ठोकलं. आई पुन्हा जुन्या चुलीवर आली. तिला पुढे दमा लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही. रात्री उशाशी दोन उशा ठेवून बसून झोपायची. आम्ही म्हणायचो, आईचा कोठाच कमजोर. चुलीकडे कुणी बोट दाखवलं नाही.

त्या चुलीत मुळात काही खोट होती का? मला नाही वाटत. अशा चुलींचा इतिहास तर आपल्या शेजारचाच आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला, जे. सी. कुमारप्पा तिथे काम बघत. स्वयंपाकघरातल्या बाईचा धूर कमी व्हावा म्हणून चूल सुधारायचं काम तिथे झालं, त्या चुलीला 'मगन चूल' म्हणतात. तिकडे हैदराबादला डॉ. एस. पी. राजू या इंजिनिअरनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिकाच काढली. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. तो २००२ साली बंद झाला, तोवर देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्याची नोंद आहे. पुण्याच्या 'आरती' संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने, 'लक्ष्मी' नावाची दोन तोंडांची चूल साच्यावर करायला शिकवली. एवढ्या शहाण्या माणसांनी एवढी डोकी लावली. मग चुली गेल्या कुठे?

याचं उत्तर मला ओडिशातल्या एका अभ्यासात मिळालं. एस्थर डुफ्लो या बाईंचं नाव तुम्ही वाचलं असेल, २०१९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी आणि आणखी दोन अभ्यासकांनी ओडिशाच्या खेड्यांत 'ग्रामविकास' संस्थेने बसवलेल्या मातीच्या, पाइपवाल्या चुलींचा चार वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर खरोखर कमी झाला. नंतर फरक उरलाच नाही. कारण काय, तर भेगा लिंपल्या गेल्या नाहीत, पाइप साफ झाले नाहीत, आणि हळूहळू चुलीच वापरातून गेल्या. वाचताना मला वाटलं, या ओडिशात गेल्या की आमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात?

आता एक गंमत बघा. आपल्या आज्या रोज सकाळी चुलीला पोतेरं द्यायच्या. मातीच्या पातळ पाण्यात फडकं बुडवायचं आणि चूल पुसून घ्यायची. मग हळदकुंकू, मग जाळ. आपण त्याला सोवळं समजलो. खरं तर ती रोजची दुरुस्तीच होती. केसाएवढी भेग दिसली की त्याच दिवशी भरली जायची, बोटाएवढी व्हायला तिला सवडच मिळत नसे. गॅस आला, चूल मागच्या अंगणात किंवा न्हाणीशेजारी गेली, आणि पोतेरं सुटलं. चूल मात्र पेटतच राहिली.

पण एवढ्याशा भेगेने काय होतं, असं मीही म्हणायची. तर हे नीट समजून घ्या. गरम हवा हलकी असते, ती पाइपातून वर चढते. ती वर गेली की तिच्यामागे चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. ही ओढ आहे तोवर धूर पाइपाचाच रस्ता धरतो. मध्ये कुठे फट सापडली की ओढ तिथूनही हवा घेते, आणि ती हवा थंड असते. थंड हवा मिसळली की पाइपातला धूर निवतो, जड होतो, त्याचं चढायचं बळ कमी होतं. मग चुलीच्या तोंडाशी ओढ उरत नाही आणि धूर तोंडातून घरात. शहाळ्याच्या नळीला मध्येच भोक पडलं तर कितीही ओढा, पाणी येतं का तोंडात? तसंच. म्हणजे भेग असते मागे आणि धूर येतो पुढे! म्हणून तर बायका जळणाला दोष देतात, फुंकणी घेऊन आणखी फुंकतात, आणि पाठीमागची भेग तशीच राहते.

माझी एक भाची अमेरिकेत व्हरमाँट राज्यात राहते. तिकडे हिवाळ्यात घर गरम ठेवायला लोखंडी शेगडी असते, बंद, समोर काचेचं दार असलेली, आत लाकडं. मी तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "मावशी, इकडेही हेच. फक्त आमची शेगडी दारातून गळते."

त्या दाराच्या कडेने खाच असते आणि खाचेत काचतंतूची जाड दोरी चिकटवलेली असते. दोन-चार हिवाळ्यांत ती दोरी दबते, कडक होते, कुठे तुटते. मग दार बंद असूनही हवा आत शिरते आणि लाकडं भडाभडा जळून जातात, जाळ आवरता येत नाही. हे ओळखायची युक्ती तिने सांगितली. शेगडी थंड असताना दारात कागदाची पट्टी धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. अडून बसली तर ठीक, सळकन निघून आली तर तिथे फट आहे. असं चारही बाजूंनी करायचं. मग जुनी दोरी काढून खाच खरवडून स्वच्छ करायची, उष्णता सोसणारा लेप भरायचा, नवी दोरी न ताणता बसवायची आणि दार लावून ठेवायचं. पूर्वी ही दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असे, आता ती वापरत नाहीत.

मी म्हटलं, तुमची दोरी आणि आमचं पोतेरं, बहिणी-बहिणीच की गं!

पण आपल्या चुलीला दार नाही, पट्टी कुठे धरणार? त्यासाठी घरातलीच वस्तू आहे, उदबत्ती. चूल चांगली पेटू द्यायची, पाइप तापू द्यायचा. मग पेटलेली उदबत्ती चुलीच्या पाठीवरून, कडांवरून, भांड्याभोवती, पाइपाच्या जोडापाशी हळूहळू फिरवायची. पंखा बंद आणि दाराचं वारं सरळ अंगावर येत नाही असं बघायचं. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला तर ठीक. वाकून आत ओढला गेला तर तिथे फट. चुलीतलाच धूर बाहेर येत असेल तर मग बघायलाच नको.

हे सगळं डोक्यात घेऊन मी आठवड्याने त्या घरी पुन्हा गेले. आजी माझ्यावर रुसलेली. पोतं फाडलं होतं ना मी! मी म्हटलं, "आजी, तुमची चूल लिंपायला आले." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला भाकरी थापायला शिकवते आहे.

"तू लिंपशीन? कोणत्या मातीनं?"

"शेतातल्या..."

"काळ्या? हात्तीच्या!" आजीचा रुसवा तिथेच संपला. पुढचा तास तिने मला शिकवलं आणि मी पाटीवर बसलेल्या पोरीसारखी शिकले.

आजीने आणायला लावली ती गावठाणातल्या पडक्या भिंतीची पांढरी माती. ती चाळून घेतली, ढेकळं आणि खडे काढले. त्यात चाळलेली बारीक रेती, चुलीतली राख, गव्हाचं बारीक कुटार आणि शेण. प्रमाण विचारलं तर म्हणाली, "हाताले समजते." मला काही ते समजेना. तेव्हा तिने एक उपाय सांगितला तो लाख मोलाचा. रेती कमी-जास्त करून चार मिश्रणं करायची, प्रत्येकाची तळहाताएवढी चानकी थापायची आणि सावलीत वाळवायची. जी तडकली ती माती फार चिकट, रेती वाढवा. जी बोटाने भुरभुर झडली तिच्यात रेती जास्त झाली. जी दगडासारखी अखंड राहिली ती आपली. रेती आणि कुटार असलं की माती आकसताना तडकत नाही, एवढंच त्यातलं मर्म. भिजवलेलं मिश्रण दोन दिवस ओल्या पोत्याखाली मुरू द्यायचं. हेच ते पोतं बरं का, खिडकीवरचं!

भेग भरायची रीतही मला माहीत नव्हती. आई वरवर बोट फिरवायची, मीही तेच करणार होते. आजीने खुरप्याच्या टोकाने भेग आधी उकरली, मोठी केली. मला धस्स झालं. "वरवर लावलं का पापड्यावानी निंघते," ती म्हणाली. आतली सुटी माती आणि काजळी झटकली, पाण्याचा हात फिरवला, आणि मग मिश्रण अंगठ्याने आतपर्यंत दाबत नेलं. कोरड्या मातीवर ओली माती धरत नाही, कोरडी तिचं पाणी पिऊन टाकते. मग सावकाश वाळू द्यायचं. ताबडतोब जाळ घातला की संपलं. दुसऱ्या दिवशी बारीक भेगा दिसल्या त्यावर पातळ हात. तिसऱ्या दिवशी दोन तुराट्यांचा लहानसा जाळ.

पोरीच्या बापाचं म्हणणं होतं की एकदाचं सिमेंट लावून टाकू, कटकट मिटेल. पुरुषांना कटकट मिटवायची फार घाई असते! सिमेंट मातीला धरत नाही. जाळ लागला की माती वेगळी वागते, सिमेंट वेगळं वागतं, आणि टवका निघून येतो. त्याच्यामागे मग भेग लपून राहते ते निराळंच.

आता भांड्याचं. साध्या चुलीवर भांडं टेकायला तीन उंचवटे असतात, त्यांच्यामधून जाळाला वाट मिळते. निर्धूर चुलीला ती वाट पाइपाने दिलेली असते, तिथे भांडं सपाट, चहूकडून टेकून बसलं पाहिजे. पण हाताची सवय! मी पाहिलेल्या कितीतरी निर्धूर चुलींवर बायकांनी स्वतःच्या हाताने तीन उंचवटे लिंपून ठेवले होते. भांडं एक बोट वर, सगळीकडून फट. आजीच्याही चुलीवर होते. ते तिने काढू दिले नाहीत, दोन दिवस वाद घातला. तिसऱ्या दिवशी मी गेले तर तासून ठेवलेले, आणि म्हणते कशी, "सूनच मागं लागली." लहान गंज ठेवायचा असेल तर तोंडावर बसेल असं पत्र्याचं कडं लोहाराकडून करून घ्यावं. आणि मागचं तोंड, वैल, रिकामं ठेवू नये. स्वयंपाक नसला तरी पाण्याचं भांडं असू द्यावं, नाही तर घट्ट झाकण. वैल उघडा ठेवणं म्हणजे चुलीला वाटीएवढी भेग पाडून ठेवणं.

पाइपाच्या खालच्या जोडाला तेच मिश्रण, पण जाड हाताने, चारी बाजूंनी उतार देऊन. वर छपराशी मात्र माती चालत नाही, पहिल्याच मिरगाच्या पावसात वाहून जाते, आमच्या माहेरी झालं तसं. तिथे पत्र्याचा गळपट्टा हवा, पाणी बाहेर टाकणारा. काही घरी मी पाइप आणि छपरामधल्या फटीत पोतं नाही तर प्लॅस्टिक कोंबलेलं पाहिलं. तापलेल्या पाइपाला पोतं! आग लागायला किती वेळ लागतो? आणि एक जपून सांगते. जुन्या निर्धूर चुलींना बऱ्याच ठिकाणी अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा पाइप असे. तो तुमच्याकडे अजून असेल तर करवतीने कापू नका, कानशीने घासू नका. त्याची भुकटी छातीत जाणं फार वाईट. फुटला असेल तर बदलून पत्र्याचा बसवा.

पाइप कोणताही असो, आतून साफ हवा. ओली पऱ्हाटी जाळली की काजळी चिकटून पाइप अरुंद होतो. तो तुंबलेला असेल तर तुम्ही चूल कितीही लिंपा, धूर घरातच येणार. महिन्या-दीड महिन्याने काठीला चिंध्या बांधून वरून फिरवायचं. हे काम घरातल्या पुरुषमाणसाला सांगायचं, छपरावर चढायला त्यांना आवडतं.

एवढं करूनही चूल गॅससारखी होत नाही हे मी कबूल करते. धूर कमी होतो, संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभर सुमारे ३२ लाख माणसं गेली. त्यात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांवर मुलं होती. सिलिंडर परवडत असेल तिने निदान बाळ लहान असेपर्यंत सगळा स्वयंपाक गॅसवरच करावा, असं मी स्पष्टच सांगते.

आणि शेगडीचं तर वेगळंच आहे. तिला लिंपून काही उपयोग नाही. धूर निदान डोळ्यांना सांगतो की मी आलो. निखारे काहीच सांगत नाहीत. ते लाल दिसतात, ऊब देतात, आणि त्यांच्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो, प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, गळून जायला होतं, झोप येते. आणि आपण म्हणतो पित्त झालं, बाळंतवारा झाला, आणि दार आणखी घट्ट लावतो. ओव्या-शेपाच्या वासाखाली तर काहीच कळत नाही. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं तेव्हा आजी खाली मान घालून ऐकत होती. घरी येताना ऑटोमध्ये एवढंच म्हणाली, "माह्या दोन लेकरायचं असंच झालं असन का व?" मी काय उत्तर देणार होते? तिची दोन बाळं सव्वा महिन्याच्या आतच गेली होती. त्या काळी का गेली हे कुणी विचारत नसे.

शेक बंद करा असं मी म्हणाले नाही. बाळंतिणीच्या अंगाला ऊब हवीच असते. शेगडी अंगणात पेटवायची, तव्यावर फडकं गरम करायचं आणि ते आत न्यायचं. नाहीतर गरम पाण्याची रबरी पिशवी. निखारे मात्र खोलीत न्यायचे नाहीत. आणि जिथे चूल पेटते तिथली खिडकी उघडी, वरच्या बाजूची फट उघडी. बाळाला वारं लागू नये म्हणून झबलं-टोपडं, दुपटं, आईची कूस आहे. त्यासाठी भिंतीच्या चिंध्या कशाला?

मध्यंतरी गटाच्या बायकांना घेऊन आम्ही एका रविवारी अकरा चुली लिंपल्या. आजीला ऑटोने नेलं-आणलं. खुर्ची दिली तर बसली नाही, चुलीपाशीच उकिडवी. बायकांना उलट विचारायची, "सांग, ह्यात काय कमी हाय?" एकीने सिमेंटचा विषय काढला तर आजीने तिच्या सासूचा उद्धार केला!

परवा बाळाला बघायला गेले होते. पोरगी आता सासरी जायची होती, पिशव्या भरणं चाललं होतं. चूल पेटलेली, वर तुरीच्या डाळीचा गंज सपाट बसलेला, खिडकी सताड उघडी. भिंतीवर पोत्याच्या खिळ्यांची चार भोकं तेवढी दिसत होती. आजी देवापुढची उदबत्ती उचलून चुलीभोवती फिरवत होती, मला वाटलं ओवाळते आहे. पाठ झाली, कडा झाल्या, गंजाभोवती झालं. धूर सरळ वर. पाइपामागे हात गेला आणि धुराची रेघ हळूच वाकली.

"हे राह्यलं व," आजी म्हणाली, आणि उदबत्ती माझ्या हातात देऊन मातीचं टोपलं ओढायला उठली.